दुसरी सही

रविवार, ९ जानेवारी
सकाळी साडेदहा, स्वयंपाकघरातलं टेबल

ताई,

वाकून नमस्कार. वेळ बघ, वर घातली आहे. पन्नाशी उलटून सहा वर्षं झाली तरी तुझा हुकूम मोडायची छाती होत नाही. लहानपणी तू दुपारच्या पाळीला कारखान्यात, मी शाळेत, आणि दोघांच्या मध्ये निरोपाची एक वही. "वर वेळ घालत जा रे, नाहीतर तुला लागलेली भूक सकाळची की आत्ताची ते मला कसं कळणार?" तेव्हापासून मी किराणा सामानाच्या यादीवरसुद्धा वेळ घालतो. हिला वाटतं माझ्या डोक्यातला एखादा स्क्रू सैल आहे.

तुझी लेक मला म्हणते, आईला मोबाइलवर दोन ओळी पाठवत जा ना, पत्रं कसली लिहितोस? मी तिला सांगितलं, तुझ्या आईचे कान गेले असले तरी पत्रातून तिला माझा आवाज बरोबर ऐकू येतो. मी कुठे थाप मारतोय तेही ऐकू येतं.

तर बातमी अशी, की भिंगरीने माझ्या प्रयोगशाळेचा ताबा घेतलाय. सव्वीस वर्षं मी तिथे यंत्रं पुसतोय, आणि परवा ही मला विचारते, "मामा, हा पाना इथे कोणी ठेवला?" तिचं काम ऐकशील तर हसशील. पोलादाचे बोटाएवढे तुकडे घ्यायचे, पातळ नायट्रोजनात बुडवून गारठवायचे आणि लोलकासारख्या झुलणाऱ्या हातोड्याने एका फटक्यात मोडायचे. मग मोडलेल्या तुकड्याचं तोंड भिंगाखाली तासभर बघत बसायचं. मी म्हटलं, मोडायलाच शिकायचं होतं तर घरी कपबश्या काय कमी होत्या?

हा नायट्रोजन पाण्यासारखा ओतता येतो. भांडं उघडं राहिलं की त्याची वाफ खोलीभर होते. वास नाही, खोकला नाही. तो हवेला हळूच बाहेर ढकलतो आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. म्हणून त्या छोट्या खोलीचे, आम्ही तिला थंड खोली म्हणतो, नियम कडक आहेत. दार उघडं हवं, पंखा चालू हवा, भिंतीवरच्या भोंग्याचा दिवा हिरवा हवा, आणि एकट्याने आत पाऊल टाकायचं नाही. रजिस्टरात दोन सह्या लागतात. पहिली काम करणाऱ्याची, दुसरी जोडीला थांबलेल्याची. शनिवारी जोडीला थांबणारे आमचे जुने सहायक डिसेंबरात निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस दिलेला नाही, तेव्हा शनिवारची दुसरी सही आता माझी. दोन ते सहा मी स्टुलावर बसतो आणि तुझी लेक पोलाद मोडते.

भोंगा तेवढा आजारी आहे. खोलीतला प्राणवायू कमी झाला की त्याने ओरडायचं, पण आतला सेन्सर जुना झाल्यापासून तो मिनिटामिनिटाला उगाच किंचाळतो. नव्यासाठी तीन अर्ज केले. गेल्या आठवड्यात बाहेरची माणसं तपासणीला येणार होती, तर आमचे विभागप्रमुख साहेब म्हणाले, "ते रडकं पोर तेवढ्यापुरतं काढून ठेवा पाहू." काढलं. सध्या माझ्या खणात झोपलंय. तपासणी छान झाली.

हिचा गुडघा दुखतोय. बाकी क्षेम.

तुझा,
धाकटा

⁂

सोमवार, १७ जानेवारी
संध्याकाळी सहा, दारातली पायरी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून हसले. परत वाचलं आणि हसू गेलं. भोंगा खणात असताना तपासणी छान कशी झाली, ते मला जरा समजावून सांग.

मी तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम केलं. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ती खाली यायची नाही. का, तर एखादा हात आत राहू नये. आम्ही एका बटणाला रबर बांधून ते कायमचं दाबून टाकायचो. एक हात मोकळा, माल दुप्पट, वरचे खूश. रबर बांधलेलं असतं तेव्हा सगळं छानच चालतं, एवढं मला ठाऊक आहे. कान गेले, पण बोटं दहाच्या दहा घेऊन घरी आले, हे माझं नशीब. शहाणपण नव्हे.

भिंगरी मला लिहिते, मामा असतो म्हणून थंड खोलीची भीती वाटत नाही. तिचा बाप गेल्यापासून या घरात "मामा आहे" हे दोन शब्द मी औषधासारखे वापरले आहेत. ताप आला, मामा आहे. गणितात नापास झाली, मामा आहे. प्रवेश घ्यायला परक्या गावी गेली, मामा आहे. त्यामुळे तुला बजावते. तिला भिंगरी नाव उगाच पडलेलं नाही. जेवतानासुद्धा तिचा एक पाय दाराकडे असतो. तू स्टुलावर बसतोस ना, तसाच बस. ती "जा" म्हणाली तरी बस. गोड बोलून माणसाला उठवण्यात ती पटाईत आहे, आणि तू विरघळण्यात.

तो भोंगा खणातून काढ. रडला तर रडू दे. मला कोणी असं रडणारं आता ऐकवलं तर मी पेढे वाटीन.

भावजयीला सांग, गुडघ्याला तेल चोपडून काही होत नाही, रोज थोडं चाल.

ताई

⁂

शनिवार, ५ फेब्रुवारी
दुपारी चार वीस, गॅरेजसमोरचा बाक

ताई,

स्कूटरने मान टाकली. अडीच वाजल्यापासून या बाकावर बसलोय आणि मेकॅनिक दर अर्ध्या तासाने "झालंच, पाच मिनिटं" म्हणून पुन्हा तिच्या पोटात डोकं घालतोय. पिशवीत कागद आणि पाकीट होतं, म्हटलं तुझी बोलणी खाल्ल्याची पोच तरी देऊ.

तू फार मनाला लावून घेतेस. भोंग्यासाठी चौथा अर्ज केलाय. साहेब म्हणाले, नव्या वर्षाच्या खरेदीत घेऊ. खणातून काढून भिंतीवर लावला असता, पण त्याच्या किंचाळण्याने शेजारच्या वर्गात शिकवता येत नाही अशी तक्रार आली. दोन्हीकडून ढोलकी वाजते बघ माझी.

भिंगरीचं मात्र उत्तम चाललंय. परवा एक तुकडा असा काही मोडला, की तिने टाळ्या वाजवल्या. मला भिंगातून दाखवला. मला तर फुटक्या फरशीसारखा दिसला, पण ती म्हणाली, "मामा, हेच तर मी सहा महिने शोधत होते." मे महिन्यात एका परिषदेत तिला हे सगळं वाचून दाखवायचं आहे. साहेबसुद्धा कौतुक करत होते. मी तिला म्हटलं, बोलताना मध्ये श्वास घे, नाहीतर लोकांना वाटेल गाडी सुटली.

तिचं जेवण नीट आहे. थोडी वाळली आहे, पण ते वय तसंच.

मेकॅनिकने हात पुसले, म्हणजे खरंच झालं असावं. टपालपेटी समोरच आहे आणि पावणेपाचला उचलतात, म्हणून आवरतं घेतो. भिंगरीची काळजी करू नकोस, मी आहे.

धाकटा

⁂

सोमवार, १४ मार्च
दुपारी दोन, भिंगरीच्या खाटेशेजारी

धाकट्या,

काल आम्ही सुखरूप पोचलो. सुखरूप म्हणायचं. भिंगरी आता झोपली आहे.

पाच आठवडे दवाखान्यात तू आणि तुझी बायको आमच्यासाठी जे झिजलात ते मी विसरणार नाही. तिचा गुडघा सुजलेला असताना ती तीन जिने चढून भात-वरण आणायची. माझ्याजवळ नुसते आशीर्वाद आहेत, ते घे.

ती भिंतीला हात लावून चालते. पेला धरला की पाणी सांडतं. सर्वांत वाईट म्हणजे शब्द. आज सकाळी खिडकीकडे बोट करून "ते, ते" म्हणत राहिली. पडदा म्हणायचं होतं. मी माणसांचे ओठ वाचून जगले, पण शब्द ओठांपर्यंत आलाच नाही तर मी काय वाचू? नव्या वर्षानंतरचं तिला काहीही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा मिळाली नाही तेव्हा जे गेलं ते गेलं. बाकीचं हळूहळू सुधारेल. किती, ते त्यांनाही माहीत नाही.

आज विद्यापीठाच्या चौकशी समितीचं पत्र आलं. संशोधक विद्यार्थिनीने स्पष्ट सूचना धुडकावून थंड खोलीत एकटीने प्रवेश केला असं प्रथमदर्शनी दिसतं, तरी २० एप्रिलच्या बैठकीआधी तिने लेखी उत्तर द्यावं. दोषी ठरली तर तिची जागा रद्द. एकदा असा शेरा बसला की पुढे कुठलं विद्यापीठ तिला दारात उभं करेल? मी पत्र लपवणार होते, पण तिने माझं तोंड पाहिलं. वाचलं आणि मला विचारलं, "आई, मी असं केलं?"

दवाखान्यात मी तुला विचारलं तेव्हा तू माझ्या पाटीवर लिहिलंस आणि लगेच पुसलंस. "पाणी प्यायला गेलो होतो, तेवढ्यात" एवढंच माझ्या ध्यानात आहे. आता कागदावर लिही. पहिल्यापासून, नीट. तिला वाचायचं आहे.

पाच आठवड्यांचं टपाल दाराच्या आत पडलं होतं. दोरीने बांधून कोनाड्यात टाकलंय. उघडायचं त्राण नाही.

ताई

⁂

२२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तू विचारल्याप्रमाणे हकिगत कळवतो. दिनांक ५ फेब्रुवारी रोजी मी दुपारी दोनपासून प्रयोगशाळेत उपस्थित होतो. रजिस्टरात तशी सही आहे. सव्वाचारच्या सुमारास मी पाणी पिण्यासाठी कॅन्टीनकडे गेलो. जाण्यापूर्वी सदर विद्यार्थिनीला, म्हणजे भिंगरीला, मी परत येईपर्यंत थंड खोलीत जाऊ नये अशी स्पष्ट सूचना दिली होती. दरम्यान ती आत गेली. दार मागे लोटलं गेलं असावं. पावणेपाचच्या आधी चौकीदार फेरीवर असताना त्याला ती खाली पडलेली आढळली.

समितीपुढे मी हेच सांगितलं आहे. सगळ्यांचे शब्द सारखे असावेत म्हणून साहेबांनी टाईप करून दिलं होतं.

साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. ते म्हणाले, मुलीने चूक मान्य केली तर समिती सौम्य राहील. वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करता येईल. तिने मान्य केलं नाही तर मात्र प्रकरण ताणलं जाईल आणि त्यात कोणाचंच भलं नाही. भोंग्याचा विषय उत्तरात काढू नये, ती खरेदीची बाब आहे, वेगळी आहे.

तुला वाटेल मी माझंच बघतोय. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, राहायचं घर विद्यापीठाचं आहे, हे खरं. पण मी तिच्याही भल्याचा विचार केला आहे. झालं ते कोणाला बदलता येणार आहे?

तिला माझे आशीर्वाद सांग. हिची तब्येत बरी आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. त्या शनिवारी, किंवा आदल्या दिवशी असेल, मी तुला एक पत्र टाकलं होतं. त्या टपालात असेल तर वाचत बसू नकोस, फाडून टाक. विशेष काही नव्हतं, स्कूटरचं रडगाणं होतं.

⁂

२९ मार्च
सकाळी, आई अंघोळीला गेली आहे

मामा,

हे अक्षर माझंच आहे. हसू नकोस. आई म्हणते शाईत पडलेली मुंगी कागदावर फिरल्यासारखं दिसतं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वाचलेलं निसटतं म्हणून. त्या दिवसाचं मला काही आठवत नाही. मी रोज आठवायला बसते. थंड खोलीचं दार आठवतं. हँडल हाताला गार लागायचं ते आठवतं. पण ते कुठल्याही दिवसाचं असेल.

तू सांगून गेलास आणि तरी मी आत गेले. मी तशीच होते ना? आई म्हणायची, भिंगरीला दम म्हणून नाही. आता सगळं हळू झालंय तेव्हा मला ते पटतं. मला माझा फार राग येतो. तू पाणी पिऊन परत आला असशील आणि मला तसं पाहिलं असशील. ते तुला कायम दिसत राहणार. माझ्यामुळे. मला माफ कर, मामा.

समितीला उत्तर लिहिलं आहे. चूक सर्वस्वी माझी आहे, मामांनी मला मनाई केली होती. एक पान लिहायला दोन दिवस लागले. सर्वस्वी हा शब्द सापडत नव्हता. टाकायला आईकडे दिलंय. आता तुला कोणी काही बोलणार नाही.

एक विचारायचं होतं. मी हुशार होते का? आई हो म्हणते, पण ती आई आहे. तू रोज माझं काम बघायचास. तू खरं सांग.

भिंगरी

⁂

बुधवार, ६ एप्रिल
सकाळी अकरा, कोनाड्यासमोरची खुर्ची

धाकट्या,

तुझ्या पत्रावर वेळ नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मला खटकलं. तरीही "वाचत बसू नकोस" असं तू लिहिलं नसतंस तर ते टपाल अजून दोरीतच राहिलं असतं. चोराच्या मनात चांदणं.

शनिवार, ५ फेब्रुवारी, दुपारी चार वीस, गॅरेजसमोरचा बाक. अडीच वाजल्यापासून. तुझ्या हातचं.

तू पाणी प्यायला गेला नव्हतास. तू तिथे नव्हतासच. सही आधीच करून ठेवलीस आणि स्कूटर घेऊन गेलास. त्या खोलीत एकट्याने गेलं तर माणूस मरू शकतो, हे ठाऊक नसलेली पोर होती का ती? ती तुझ्या सहीवर आत गेली. आणि आता ती तुझी माफी मागते आहे. मी तिचं तुला लिहिलेलं पत्र वाचून टपालपेटीत टाकलं तेव्हा तुझं शनिवारचं वाचलेलं नव्हतं. नाहीतर टाकलं नसतं.

तुला शिव्या द्यायला तीन वेळा बसले आणि तीनही कागद फाडले. कारण एक गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही. माझ्या शेजारच्या प्रेसवर एक बाई होती, तुला शाळेचं दप्तर शिवून दिलं होतं ती. तिची तीन बोटं गेली. त्या दिवशी तिच्या बटणाला रबर मी बांधलं होतं. तिचे हात ग्रीसने भरले होते, ती म्हणाली बांध गं, मी बांधलं. चौकशीला साहेब आले. त्यांनी मला विचारलं, रबर कोणी बांधलं? त्यांचे ओठ मला लख्ख वाचता येत होते. मी कानाकडे बोट दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं, साक्षीदार बहिरी. तिने स्वतःच बांधलं असं ठरलं आणि तिला काढून टाकलं. मी राहिले, तुझं शिक्षण पुरं झालं.

पुढे कित्येक वर्षं ती रस्त्यात भेटायची आणि तो हात पिशवीमागे लपवायची. तिला वाटायचं तिचीच चूक होती आणि मला तिची लाज वाटत असेल. मी तिला कधी सांगितलं नाही. आता ती नाही.

तेव्हा तुला नावं ठेवायला मला तोंड नाही. पण माझ्या मुलीने तसा हात लपवून जगलेलं मला बघवणार नाही.

या पाकिटात दोन कागद आहेत. एक, भिंगरीचं समितीला उत्तर. ते मी टाकलेलं नाही. दुसरं, तुझं शनिवारचं पत्र. त्याची नक्कल मी काढलेली नाही, फोटो काढलेला नाही. तुला धमकी देत नाही. दोन्ही तुझ्या हातात देते आहे. वीस तारखेला यांतला एकच कागद समितीच्या टेबलावर ठेव. कुठला, ते तू ठरव.

मग मला उत्तर लिहू नकोस. तिला लिही. ती रोज विचारते, मामाचं पत्र आलं का.

ताई

⁂

बुधवार, २० एप्रिल
दुपारी सव्वाबारा, समितीच्या खोलीबाहेरचा बाक

भिंगरे,

आत्ताच बाहेर आलो. ही घरी वाट बघते आहे, पण आधी तुला लिहितो. घरी गेलो तर पुन्हा धीर होईल की नाही सांगता येत नाही.

दोन आठवडे दोन्ही कागद माझ्या खणात भोंग्याशेजारी होते. रोज खण उघडायचो आणि बंद करायचो. एक दिवस तुझा कागद खिशात घालून साहेबांच्या दारापर्यंत गेलोही. हे तुला कळलं पाहिजे. मी लगेच शहाणा झालो नाही.

आज आत साहेबांनी टाईप केलेलं निवेदन टेबलावर होतं. मी त्यावर माझं शनिवारचं पत्र ठेवलं. अध्यक्षबाईंनी ते मोठ्याने वाचलं. "स्कूटरने मान टाकली" इथे कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही. बाईंनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "मग ही सही?" मी म्हटलं, दुपारी दोनला केली आणि लगेच निघालो. त्याआधीच्या दोन शनिवारीही तसंच केलं. जानेवारीतले पहिले तीन शनिवार बसलो होतो, नंतर नाही. साहेब म्हणाले, "मला याची काही कल्पना नव्हती." मी अर्जांच्या चार नकला आणि भोंगा पिशवीतून नेले होते. ते टेबलावर ठेवले तर म्हणाले, तो विषय आज नाही. मी भोंगा परत पिशवीत घातला. आता तो माझ्या मांडीवर आहे.

तुझ्यावर ठपका नाही. तुझी जागा राहील, तू बरी होईपर्यंत ती राखून ठेवतील, असं बाईंनी लिहून घेतलं. मला आजपासून कामावरून काढलंय. घर महिन्याभरात रिकामं करायचं. साहेब आहेत तिथेच आहेत. थंड खोलीत नवा भोंगाही लागलाय. चार अर्जांनी आला नाही तो तुझ्या पडण्याने पंधरा दिवसांत आला.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. तू लिहिलंस, मी पाणी पिऊन आलो आणि तुला तसं पाहिलं असेल. नाही. मी पोचलो तेव्हा तुला गाडीत घालून नेलंसुद्धा होतं. मला फक्त उघडं दार दिसलं आणि खाली सांडलेले पोलादाचे तुकडे. ते मी गोळा करून डबीत ठेवलेत. तुझे आहेत.

त्या दुपारी तू मला म्हणालीस, "मामा, जा तू, स्कूटर नीट करून घे. मी काय लहान आहे का?" हे समितीला सांगितलं नाही आणि माझ्या बचावासाठीही लिहीत नाही. जायचं की नाही हे मी ठरवायचं होतं, त्यासाठीच तर तो दुसरा रकाना. पण तुझ्याजवळ त्या दिवसाचं काहीच नाही, तर निदान तुझं हे वाक्य तुला परत मिळावं. ते म्हणताना तू हसत होतीस आणि तुझ्या चष्म्यावर वाफ धरली होती.

तुझं उत्तर सोबत परत पाठवतो. मी फाडलेलं नाही. ते तू फाड, बारीक बारीक तुकडे कर, हाताला व्यायाम होईल.

हुशार होतीस का? त्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षांत मी पुष्कळ हुशार पाहिले. मोडलेला तुकडा बघून टाळ्या वाजवणारी तू एकटीच. सर्वस्वी हा शब्द दोन दिवस शोधलास आणि मिळवलास, यावरून तरी तू अजून तीच आहेस असं मला वाटतं. मला माफ करायचं की नाही, ते सावकाश ठरव. मी विचारणार नाही.

वाचलेलं निसटतं म्हणालीस, म्हणून शेवटी पुन्हा लिहितो. हा कागद जपून ठेव आणि स्वतःचा राग आला की काढून वाच. शनिवार, ५ फेब्रुवारी, दुपारी चार वीस. तू माझं ऐकलं नाहीस, असं काही झालं नाही. मी तुला काही सांगितलंच नव्हतं. तू आत एकटी होतीस, आणि मी गॅरेजसमोरच्या बाकावर बसून तुझ्या आईला लिहीत होतो, की भिंगरीची काळजी करू नकोस, मी आहे.

मामा